कंपनमापक प्रकल्प: भागाकाराच्या नोंदी

४ ऑगस्ट

बोर्ड तयार. सेन्सर जोडला, सॅम्पलिंग सेकंदाला १००० वर लावलं. २५६ सॅम्पलांचा ब्लॉक, त्यावर एफएफटी (सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढणारं गणित), आणि सगळ्यात उंच शिखर कुठल्या फ्रिक्वेन्सीला आहे ते स्क्रीनवर. जनरेटरमधून ५० हर्ट्झची साइन वेव्ह दिली. स्क्रीनवर ३९.

ज्याच्याकडून हे फर्मवेअर माझ्याकडे आलं त्या मित्राला फोन लावला. "अरे, टायमर बघ आधी. तो जोरात पळत असणार. कोड तपासलेला आहे, लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टशी आकडा न् आकडा जुळतो." टायमरची पिन ऑसिलोस्कोपवर टाकली. बरोबर एक मिलिसेकंद. क्रिस्टल चुकलं तरी दशलक्षात काही भागांनी चुकतं, शंभरात बावीसनी नाही.

२०० हर्ट्झ दिले. स्क्रीनवर १५३. म्हणजे चूक सगळीकडे साधारण त्याच प्रमाणात आहे. स्क्रिप्ट चालवून बघितली, तीही ३९ म्हणते. दोघांची साक्ष एकच, त्यामुळे आज तरी माझंच काहीतरी चुकतंय असं धरून झोपतो.

५ ऑगस्ट

सापडलं. ओळ अशी आहे (नावं इथे मराठीत लिहितोय, वाचायला सोपं पडतं):

बिनरुंदी = सॅम्पलदर / लांबी;

बिन म्हणजे एफएफटीचा एक कप्पा, बिनरुंदी म्हणजे तो किती हर्ट्झचा. सॅम्पलदर आणि लांबी दोन्ही इंटिजर, म्हणजे पूर्णांक. १००० भागिले २५६ म्हणजे खरं तर ३.९०६२५. सी (फर्मवेअरची भाषा) म्हणतं ३. भागाकार ३, बाकी २३२. शाळेत बाकी बाजूला लिहिली नाही तर गुण कापायचे. सी ती मागितल्याशिवाय देत नाही आणि दिली नाही हेही सांगत नाही. ५० हर्ट्झचं शिखर १३ व्या बिनमध्ये पडतं, १३ गुणिले ३ बरोबर ३९. २०० हर्ट्झचं ५१ व्या, ५१ गुणिले ३ बरोबर १५३.

आता आधी गुणाकार, मग भागाकार: १३ × १००० / २५६. उत्तर ५०. बघून बरं वाटलं, आणि तिथेच फसायला होतं. १३ व्या बिनचा मध्य ५०.७८ वर आहे. स्क्रीनवर ५० आलं ते शेपूट कापल्यामुळे, योगायोगाने. पूर्णांकातलं बरोबर उत्तर ५१. म्हणून भागण्याआधी भाजकाचा अर्धा मिळवला: (१३००० + १२८) / २५६. आता ५१ येतात. जनरेटरच्या आकड्यापासून थोडं लांब, पण खरं.

आधी गुणायचं तर मधला आकडा कुठे मावतो ते बघावं लागतं. सगळ्यात वरचा बिन १२८, त्याचे १,२८,००० होतात. ३२ बिटांत आरामात, १६ बिटांत नाही.

६ ऑगस्ट

मग स्क्रिप्टही ३९ का म्हणत होती? कारण ती पायथन भाषेच्या जुन्या आवृत्तीची, पायथन २ ची आहे. तिथे दोन इंटिजरमधली तिरपी रेघ शेपूट कापते, १/२ म्हणजे ०. ही वागणूक बदलायचं २००१ मध्ये ठरलं, कापणाऱ्या भागाकारासाठी // ही वेगळी खूण २.२ मध्ये आली, आणि साधी रेघ खरा भागाकार करू लागली ती ३ मध्ये, २००८ साली. फर्मवेअर आणि ते तपासणारी स्क्रिप्ट, दोघांनी एकाच जागी एकच चूक केली होती. जुळणार नाही तर काय.

स्क्रिप्ट ३ वर आणायला आपोआप रूपांतर करणारं साधन वापरलं. ते छापण्याच्या ओळी सुधारतं, भागाकाराला हात लावत नाही. कुठली रेघ कुठल्या हेतूने मारली होती हे त्याला कळणार कसं? चालवली तर पहिल्याच ठिकाणी थांबली. अर्धा स्पेक्ट्रम कापायला २५६/२ लिहिलं होतं, ते आता १२८.० आहे, आणि १२८.० हा ॲरेचा (आकड्यांच्या यादीचा) क्रमांक म्हणून चालत नाही. भागाकाराच्या एकूण ११ जागा. कंटाळा केला, शोधा-आणि-बदला लावून सगळ्या / च्या // केल्या. स्क्रिप्ट सुरळीत चालली.

शिखर ३९ वर. ये रे माझ्या मागल्या.

आता एकेक जागा हाताने बघितली. क्रमांक किंवा लांबी असेल तिथे //, मोजमाप असेल तिथे /. अकरापैकी सात क्रमांक निघाले, चार मोजमापं.

७ ऑगस्ट

मिलिव्होल्टची ओळ: कच्चा / ४०९६ * ३३००. १२ बिटी एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), कच्चा आकडा कधीच ४०९५ च्या वर जात नाही, म्हणजे पहिल्याच पायरीला शून्य, आणि शून्याला कशानेही गुणा. कच्चा * ३३०० / ४०९६ केलं. दहा मिनिटांचं काम. कायम शून्य दाखवणारी चूक परवडते, ती लपून राहत नाही.

११ ऑगस्ट

आजची चूक लपून राहिली होती.

१६ सॅम्पलांची सरासरी काढून ती वजा करायची, म्हणजे सिग्नल शून्याभोवती येतो. फंक्शन जुनंच आहे, कित्येक महिने बिनतक्रार चाललेलं. काल मी त्याच्या आधी एक पायरी घातली: कच्च्या आकड्यातून २०४८ वजा करायचे. तेव्हापासून मधूनच सरासरी २६,८४,३५,४५३ येते. १२ बिटी सेन्सरची सरासरी सव्वीस कोटी!

ओळ साधी आहे: सरासरी = बेरीज / संख्या. बेरीज ३२ बिटी, चिन्हासकट. संख्या अनसाइन्ड, म्हणजे ऋण होऊच न शकणारी. सी चा नियम असा की साइन्ड आणि अनसाइन्ड तेवढ्याच रुंदीचे असतील तर भागाकाराआधी दोघंही अनसाइन्ड होतात. बेरीज −४८ असली की तिचे २ चा ३२ वा घात वजा ४८, म्हणजे ४,२९,४९,६७,२४८ होतात. त्याला १६ ने भागलं की २६,८४,३५,४५३. यायला हवे होते −३. आधी २०४८ वजा होत नव्हते तेव्हा बेरीज कधी ऋण व्हायचीच नाही. चूक पहिल्या दिवसापासून आत बसलेली, मी फक्त दार उघडलं.

इथवर ठीक. पण या फंक्शनची चाचणी लॅपटॉपवर रोज चालते, तीत ऋण आकडेही आहेत, आणि ती रोज पास होते. हे कळायला दुपार गेली. लॅपटॉपवर संख्येचा प्रकार ६४ बिटी आहे. तिथे −४८ चे २ चा ६४ वा घात वजा ४८ होतात, १६ ने भागून २ चा ६० वा घात वजा ३. हा अवाढव्य आकडा ३२ बिटी सरासरीत कोंबताना वरचे बिट गळून पडतात, आणि खाली उरतात बरोबर −३! दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. हे फक्त भाजक दोनाचा घात असेल तरच घडतं. संख्या १६ ऐवजी १० करून चाचणी चालवली, लगेच कचरा. इतके दिवस सगळ्या चाचण्या १६ आणि ३२ सॅम्पलांच्याच होत्या, कारण आम्हा लोकांना दोनाच्या घातांचं वेड.

शिवाय −५० दिल्यावर लॅपटॉप −४ म्हणतो. सी च्या साइन्ड भागाकारात −३ यायला हवे. त्या ओझरत्या फरकाकडे आज दुर्लक्ष करतोय, उशीर झालाय.

१२ ऑगस्ट

संख्या साइन्ड केली. कंपायलरच्या नेहमीच्या दोन्ही 'सगळे इशारे दाखव' पर्यायांत हा इशारा नसतो. चिन्हबदलाचा पर्याय वेगळा लावावा लागतो. लावला. ६३ इशारे आले. बहुतेक निरुपद्रवी, तरी सगळे वाचले.

१४ ऑगस्ट

दुर्लक्ष केलेलं अंगाशी आलं.

सिग्नलची पातळी हळूहळू सरकते, तिचा माग ठेवायला एक साधा लो-पास (जलद बदल गाळणारा) फिल्टर आहे. प्रत्येक सॅम्पलला:

पातळी = पातळी + (नवा − पातळी) / १६;

पायथनमध्ये हेच // वापरून लिहिलं. दोन्हीकडे तोच इनपुट. सिग्नल वर चढताना बोर्ड आणि लॅपटॉप तंतोतंत जुळतात. खाली उतरताना नाही. पुन्हा चढवला, दोघं पुन्हा एकत्र.

कागद घेतला. पातळी ०, इनपुट कायम १००. फरक १००, सोळाने भागून ६, पातळी ६. फरक ९४, भागून ५, पातळी ११. असं जात जात ८५ ला पोहोचतो. आता फरक १५. पंधरा भागिले सोळा शून्य. फिल्टर तिथेच बसतो, शंभर कधीच गाठत नाही. सॅम्पल कितीही येऊ द्या. हे दोन्हीकडे सारखं.

आता वरून: पातळी २००, इनपुट १००. सी ऋण भागाकारात शून्याकडे कापतं, म्हणजे −१५/१६ पुन्हा शून्य, आणि पातळी ११५ वर अडकते. पायथनचं // मात्र खालच्या पूर्णांकाकडे जातं: −१५ // १६ म्हणजे −१. अगदी −१ // १६ सुद्धा −१. त्यामुळे उतरताना तो एकेक पायरी खाली येत बरोबर १०० गाठतो.

म्हणजे बोर्डवरचा फिल्टर खऱ्या पातळीच्या १५ खाली किंवा १५ वर थांबतो, कुठल्या बाजूने आला त्यावर. लॅपटॉपवरचा चढताना १५ खाली, उतरताना बरोबर. लॅपटॉपचं उत्तर कमी चुकीचं वाटतं, पण मला तेच जास्त खटकतं. कंपनं वर-खाली होतच असतात. दोन्ही बाजूंना सारखं अडकणारा फिल्टर निदान मधोमध अडकतो. एकाच बाजूला अडकणारा सगळी पातळी खाली ओढतो, आणि ते ग्राफवर खऱ्या सिग्नलसारखं दिसतं.

जुने लोक १६ ने भागण्याऐवजी चार बिट उजवीकडे सरकवतात. वेग वाचतो म्हणून मीही केलं असतं. पण ते सरकवणं पायथनच्या // सारखं खालीच कापतं, सी च्या / सारखं नाही. (सी मध्ये ऋण आकडा उजवीकडे सरकवला तर काय होईल हे कंपायलरवर सोडलेलं आहे, आमचा चिन्ह जपून सरकवतो.) त्यामुळे 'हा भागाकार शिफ्ट करून टाकतो, सारखंच आहे' असं कोणी म्हटलं तर सारखं नाही. ऋण आकड्यांचा भागाकार कुठल्या दिशेला कापायचा हेसुद्धा सी मध्ये आधी कंपायलरच ठरवायचा, शून्याकडे हे पक्कं झालं ते १९९९ च्या प्रमाणात.

१७ ऑगस्ट

मित्राने मूळ मॅटलॅबची फाइल शोधून पाठवली, ज्यावरून सगळं सुरू झालं. तिच्यात १६ बिटी इंटिजर आहेत. मॅटलॅबचा इंटिजर भागाकार कापतच नाही, जवळच्या पूर्णांकाला जातो. ७ भागिले २: मॅटलॅब ४, सी ३, पायथनचं // ३. उणे ७ भागिले २: मॅटलॅब −४, सी −३, पायथन −४. तीन भाषा, आणि कुठल्याही दोन भाषा दोन्ही वेळा एकमेकींशी सहमत नाहीत. 'संदर्भाशी जुळतं का' हा प्रश्नच मग अर्धवट राहतो. कुठल्या संदर्भाशी?

फिल्टर सोडवला. बाकी फेकायची नाही, सांभाळायची. पातळीच्या जागी तिची सोळापट साठवायची:

साठा = साठा + नवा − (साठा >> ४);
पातळी = साठा >> ४;

प्रत्येक सॅम्पलमधला खालचा भाग साठ्यात राहतो आणि जमत जमत पुढच्या पायरीला उपयोगी पडतो. ० वरून १०० ला सोडला, १०० गाठले. २०० वरून सोडला, १०० गाठले. साठा ४०९५ × १६ म्हणजे ६५,५२० पर्यंत जातो, १६ बिटी साइन्डमध्ये मावत नाही, ३२ बिटी घेतला. // वापरून पायथन आणि >> वापरून सी, आता दोन्हीकडचे आकडे दोन्ही दिशांना जुळतात.

१९ ऑगस्ट

"एवढी कटकट कशाला, सगळं फ्लोट कर ना. चिपमध्ये एफपीयू आहे." फ्लोट म्हणजे दशांश आकडे, एफपीयू म्हणजे त्यांचं गणित करणारा चिपचा भाग. मित्राचं म्हणणं गैर नाही. करून बघितलं.

पहिला प्रयत्न: पातळी += (१/१६) * (नवा − पातळी). पातळी फ्लोट, नवा फ्लोट, आणि १/१६ दोन इंटिजर. म्हणजे शून्य. फिल्टर पहिल्या आकड्यावर गोठला. उजवीकडे सगळं फ्लोट असून काही उपयोग नाही, भागाकाराच्या दोन बाजूंना काय आहे एवढंच तो बघतो, उत्तर कुठे जाणार आहे ते बघत नाही.

दुसरा: १.०/१६. बरोबर चाललं, पण ऑसिलोस्कोपवर कामाचा पल्स चांगलाच रुंद झाला. १.० नुसतं लिहिलं की ते डबल (दुप्पट बिटांचा फ्लोट), त्याच्यामागे सगळी ओळ डबल होते, आणि आमच्या चिपचं एफपीयू फक्त सिंगल जाणतं. डबलचं गणित सॉफ्टवेअरमध्ये होतं. आकड्याला एफ ची शेपटी लावली, पल्स जागेवर.

आज रात्रभर चालू ठेवतोय.

२० ऑगस्ट

सकाळी सॅम्पलांचा मोजणी-आकडा १,६७,७७,२१६ वर थांबलेला. सिग्नल चालू, फिल्टर चालू, फक्त मोजणी बंद. काल उत्साहाच्या भरात मी तोही फ्लोट केला होता.

सिंगल फ्लोटमध्ये आकड्यासाठी २४ बिट असतात. २ चा २४ वा घात १,६७,७७,२१६. त्याच्यात १ मिळवलं की उत्तर तेवढंच राहतं, कारण पुढचा आकडा फ्लोटला लिहिताच येत नाही. सेकंदाला १००० सॅम्पल, म्हणजे ४ तास ३९ मिनिटं ३७ सेकंदांनी घड्याळ बंद. दिवसा कुठलीच चाचणी एवढा वेळ चालवत नाही.

०.००१ मिळवत जाऊन वेळ मोजणं तर याहून वाईट. हजारावा भाग काय किंवा दहावा भाग काय, दोनाच्या पायात नेमका बसत नाही, आणि ती चिमूटभर चूक प्रत्येक मिळवणीला आत येते. १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, वेळ काढताना त्या दहाव्या भागाचं २४ बिटी, कापलेलं रूप गुणायचं. चूक साधारण ०.३४ सेकंद झाली. येणारं क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही, २८ सैनिक गेले. माझा फक्त एक आलेख बिघडला.

मोजणी परत इंटिजर. वेळ हवी तेव्हा मोजणीला एकदाच १००० ने भागायचं. फिल्टरही साठ्याच्या इंटिजर रूपात परत नेला. फ्लोट आता फक्त स्क्रीनवरच्या आकड्यांपुरता.

२१ ऑगस्ट

बोर्ड २९ सॅम्पलांची खिडकी घेतो, लॅपटॉप २८. खिडकी ०.२९ सेकंद, इथे सॅम्पलदर दहापटीने कमी केलेला, १००. लॅपटॉपवर ०.२९ × १०० म्हणजे २८.९९९९९९९९९९९९९९६, आणि त्याचा इंटिजर केला की २८. बोर्डवर वेळ मिलिसेकंदांत आहे: २९० × १०० / १००० बरोबर २९, बाकीसुद्धा नाही. या वेळी इंटिजर जिंकला. स्क्रिप्टमध्ये कापायच्या आधी राउंड घातला. पायथनचा राउंड नेमक्या अर्ध्याला सम आकड्याकडे जातो, २.५ चे २. सी चा ३ म्हणतो. आमच्या खिडक्यांत नेमका अर्धा येत नाही, पण ओळीशेजारी टीप लिहून ठेवली.

२४ ऑगस्ट

सेन्सर काढून ठेवला होता, सिग्नल सपाट शून्य. शिखराला एकूण ऊर्जेने भागतो, ऊर्जा शून्य.

बोर्डवर इंटिजर भागाकाराने शून्य दिलं आणि पुढे गेला. आमच्या कॉर्टेक्स-एम चिपमध्ये शून्याने भागल्यावर थांबायचं असेल तर ते आधी चालू करावं लागतं. तोच कोड लॅपटॉपवर धाडकन पडला, आणि संदेश काय, तर 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन'. पूर्ण प्रोग्रॅममध्ये फ्लोट औषधालाही नव्हता. हे नाव कोणी ठेवलं त्याला एकदा भेटायचंय. पायथनच्या फ्लोट ॲरेत शून्य भागिले शून्य म्हणजे 'नॅन' ('हा आकडाच नाही'), एक इशारा आणि पुढे चालू. पण नॅन फिल्टरच्या साठ्यात शिरला की कधीच बाहेर येत नाही. पुढचं प्रत्येक उत्तर नॅन. सेन्सर परत जोडला तरी आलेख कोराच.

तिन्हीकडे भाजक आधी तपासायचा, शून्य असेल तर 'सिग्नल नाही' असं लिहायचं. बोर्डचं शून्यच सगळ्यात धोकादायक होतं, ते मोजमापासारखं दिसत होतं.

२६ ऑगस्ट

रात्रभराची चाचणी, मोजणी ४ तास ३९ मिनिटांच्या पुढे गेली. बोर्ड आणि लॅपटॉप जुळतात. एकच गोष्ट खटकते: फिल्टर केलेलं शिखर मूळ शिखराच्या अर्धा मिलिसेकंद मागे. दोन्हीकडे सारखंच, म्हणून इतके दिवस कुणाच्या डोळ्यांत आलं नाही.

हा फिल्टर वेगळा, एफआयआर: शेवटच्या ठरावीक सॅम्पलांना गुणकांनी गुणून बेरीज. त्याचा उशीर (लांबी − १) / २ सॅम्पल. लांबी ६४, म्हणजे ६३/२. खरा उशीर ३१.५, आम्ही भरून काढतो ३१. इथे कापणं, राउंड करणं, फ्लोट करणं, कशाचाच उपयोग नाही. अर्ध्या सॅम्पलला ॲरेत जागाच नाही. ६४ परत एकदा त्या दोनाच्या घातांच्या वेडापायी घेतले होते.

गुणक नव्याने काढले, लांबी ६३ ठेवली. ६२ भागिले २, भागाकार ३१, बाकी शून्य.